कोविड आणि लिव्हरचे जुने रुग्ण : धोका ठरला तो टप्प्यावरून

मार्च २०२० मध्ये देशातला पहिला कोविडमृत्यू आपल्याच राज्यात, कर्नाटकातल्या कलबुर्गीत नोंदला गेला. मधुमेह, रक्तदाब, दमा असलेल्यांनी जपावं, हे तेव्हापासूनच सांगितलं जात होतं. लिव्हरच्या जुन्या रुग्णांना नेमकं काय सांगायचं, हे मात्र ठरत नव्हतं. दाखल रुग्णांचे एसजीओटी-एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारे घटक) वाढतात, असे चीनमधले अहवाल होते. पण धडधाकट लिव्हरला काही दिवस सूज येणं आणि आधीच सिरॉसिस (लिव्हरवर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) असलेल्याला कोविड होणं, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत.

उत्तर मिळालं ते अनेक देशांतल्या नोंदी एकत्र केल्यावर. २९ देशांतल्या ७४५ रुग्णांच्या नोंदींत सिरॉसिस नसलेल्या यकृतविकाराच्या रुग्णांपैकी ८ टक्के दगावले, सिरॉसिसवाल्यांपैकी ३२ टक्के. सिरॉसिस किती पुढे गेला आहे, हे डॉक्टर चाइल्ड-प्यू वर्गवारीने मोजतात; ‘ए’ सर्वांत सौम्य, ‘सी’ सर्वांत गंभीर. त्यात ‘ए’ गटात १९, ‘बी’ गटात ३५ आणि ‘सी’ गटात ५१ टक्के मृत्यू होते. दारूमुळे झालेला यकृतविकार हा स्वतंत्र धोका ठरला. म्हणजे नुसतं ‘लिव्हरचा त्रास आहे’ एवढं पुरेसं नव्हतं, तो कोणत्या टप्प्यावर आहे हेच महत्त्वाचं होतं.

या मृत्यूंचं मुख्य कारण लिव्हर निकामी होणं नव्हतं, श्वास बंद पडणं होतं. सिरॉसिसमध्ये प्रतिकारशक्ती विस्कळीत होते, आतड्यातले जंतू रक्तात उतरतात, रक्त गोठण्याचं गणित बिघडतं. पोटात पाणी साचलं की ते छातीचा पडदा वर ढकलतं आणि फुप्फुसाला जागा उरत नाही. त्यात काही रुग्णांना खोकला किंवा दम लागणं असं काहीच नव्हतं. पोट फुगलं, भान हरपू लागलं आणि तपासणीत कोविड निघाला. घरच्यांनी ‘लिव्हरचंच वाढलं असेल’ असं धरून चालणं किती स्वाभाविक होतं, आणि किती घातक!

आपल्या कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागात हा टप्पा कळणंच अवघड झालं. निपाणीचा रुग्ण कोल्हापूरला जातो, अथणी-कागवाडचा मिरज-सांगलीला, खानापूरचा बेळगावला. २५ मार्च २०२० पासूनच्या लॉकडाऊनमध्ये ही नेहमीची वाट राज्याच्या हद्दीवर अडली. पुढे २०२१ मध्ये निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल मागितला जाऊ लागला. पोटातलं पाणी काढून घेणारा, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी एंडोस्कोपी करून घेणारा रुग्ण दोन राज्यांच्या नियमांत सापडला, तर त्याची तपासणी लांबणारच. माझ्या मते या भागातल्या रुग्णांच्या बाबतीत हे नुकसान विषाणूइतकंच मोजायला हवं.

याच काळात घरोघरी काढे उकळत होते. मुंबईच्या डॉक्टरांनी २०२० च्या अखेरीस गुळवेल घेतलेल्या सहा जणांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तरीही ज्याचं लिव्हर आधीच अधू आहे त्याने डॉक्टरांना न विचारता काहीच घेऊ नये, हे मला ठामपणे वाटतं. तापावरचं साधं पॅरासिटामॉलसुद्धा सिरॉसिसमध्ये दिवसाला साधारण दोन ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात.

लसीच्या वेळी टप्प्याचा प्रश्न पुन्हा आला. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीग्रस्तांना लस खुली झाली. त्यासाठीच्या वीस आजारांच्या यादीत गुंतागुंत झालेला (पोटात पाणी, भान हरपणं असं सुरू झालेला) सिरॉसिस होता, यकृत प्रत्यारोपण झालेले आणि त्याच्या प्रतीक्षेत असलेलेही होते. गुंतागुंत न झालेला सिरॉसिस मात्र नव्हता; ‘ए’ गटातले बहुतेक रुग्ण याच प्रकारचे. १ एप्रिलला ४५ वरच्या सगळ्यांना लस मिळू लागली. त्याहून तरुण सिरॉसिस रुग्णांना मे महिन्यापर्यंत थांबावं लागलं, आणि तोवर दुसरी लाट गावागावांत पोहोचली होती.