स्कूबानंतर, विमानापूर्वी ऑक्सिजन घेणे

स्कूबा डायव्हिंग आटोपल्यावर विमानात बसण्याआधी मास्कमधून काही काळ शुद्ध ऑक्सिजन घेण्याची पद्धत. शरीरात मुरलेला नायट्रोजन लवकर निघून जावा, हा तिचा हेतू. यानाबाहेर पडणारे अंतराळवीर कमी दाबाचा पोशाख चढवण्यापूर्वी ऑक्सिजन घेतात, तेही याच तत्त्वावर.

इंदूरच्या मंडळींना हा विषय आठवतो तो परतीच्या तिकिटापाशी. समुद्र लांब, रजा चार दिवसांची. मग अंदमानात किंवा गोव्यात शेवटची डुबकी दुपारी आणि विमान दुसऱ्या दिवशी पहाटे, असा बेत ठरतो.

पाठीवरच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो, हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे. एरवी त्यात दाबून भरलेली साधी हवाच असते आणि हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन. १८ मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या २.८ पट होतो, त्या प्रमाणात नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो श्वासावाटे निघतो, पण सावकाश. त्याआधीच विमान उडाले तर केबिनमधला दाब २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका, म्हणजे समुद्रसपाटीच्या साधारण पाऊणपट उतरू शकतो. घरून नेलेले शेवेचे बंद पाकीट विमानात टम्म फुगते, ते यामुळेच. शरीरात मात्र उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊन सांधेदुखी, बधिरपणा, चक्कर किंवा त्याहून गंभीर त्रास उद्भवू शकतो. यालाच ‘बेंड्स’ म्हणतात.

साध्या हवेत श्वास घेताना फुप्फुसांत नायट्रोजन असतोच, त्यामुळे रक्तातला नायट्रोजन बाहेर पडण्याची ओढ मर्यादित राहते. शुद्ध ऑक्सिजन घेतला की फुप्फुसांतला नायट्रोजन जवळजवळ शून्यावर येतो आणि ही ओढ वाढते. त्यासाठी राखीव पिशवीचा, चेहऱ्यावर घट्ट बसणारा मास्क लागतो. नाकातल्या साध्या नळीने आजूबाजूची हवा मिसळते आणि बराचसा फायदा तिथेच जातो.

तरीही हौशी पाणबुड्यांसाठीच्या नियमांत ऑक्सिजनबद्दल सूट नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या पाणबुड्यांच्या सुरक्षेसाठीच्या संस्थेच्या २००२ च्या शिफारशींनुसार थांबे (वर येताना नायट्रोजन निघून जावा म्हणून मध्येच थांबणे) न लागणाऱ्या एका डुबकीनंतर किमान १२ तास, अनेक डुबक्यांनंतर किंवा सलग काही दिवस बुडल्यास किमान १८ तास थांबावे. वर येताना थांबे घ्यावे लागले असतील तर १८ तासांहून बरेच जास्त. दाबकक्षातील, म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त करता येणाऱ्या बंद खोलीतील प्रयोगांत ऑक्सिजनचा लाभ दिसला आहे, पण तिथे मास्क, वेळ आणि डुबकी सारे मोजूनमापून असते. म्हणून पूर्ण तास थांबून वर ऑक्सिजन घेतला तर ती जास्तीची सुरक्षा. त्याच्या भरवशावर आधीचे तिकीट काढणे हा जुगार. शिवाय बोटीवरचा ऑक्सिजनचा सिलिंडर आणीबाणीसाठी असतो. घाईवाल्याने तो संपवला आणि नंतर दुसऱ्याला बेंड्स झाले, तर?

लक्षणे असतील तर ऑक्सिजन हा प्रथमोपचार. त्याने दुखणे थांबले तरी विमानात न बसता डॉक्टरांना गाठावे; गरजेनुसार दाबकक्षात उपचार होतात. ऑक्सिजन चालू असताना जवळ बिडी-सिगारेट नको, आग झपाट्याने भडकते.

गाडीने परतणाऱ्यांनाही उंची चुकत नाही. वरील शिफारशी ६०० मीटरपासून पुढे लागू होतात. इंदूर सुमारे ५५० मीटरवर असल्याने त्यांतून सुटते; तारकर्लीहून वर चढताना लागणारी आंबोली मात्र ७०० मीटरच्या आसपास आहे.