लॅबचा हिरा म्हणजे अमेरिकन डायमंड नव्हे

साखरपुड्याच्या अंगठीचा विषय निघाला की सांगलीत अजूनही कुणीतरी म्हणतंच, 'लॅबचा म्हणजे अमेरिकन डायमंडच की!' हे साफ चूक आहे. अमेरिकन डायमंड म्हणजे झिर्कोनियम ऑक्साइड. रोज वापरला की कडा झिजतात, चमक मंदावते. लॅबचा, म्हणजे प्रयोगशाळेत बनवलेला हिरा मात्र कार्बनचाच. काठिण्य खाणीतल्या हिऱ्याइतकंच, मोह्सच्या १ ते १० मोजपट्टीवर १०. दुकानातलं साधं टेस्टर लॅबच्या आणि खाणीतल्या हिऱ्यांत फरक सांगू शकत नाही, आणि मॉयसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा खडा तर सिलिकॉन कार्बाइड असूनही बऱ्याचदा त्यात 'हिरा' म्हणून पास होतो! म्हणून प्रमाणपत्र मागाच. हिऱ्याच्या कडेवर बहुतेकदा लेसरने कोरलेला नंबर असतो, तो भिंगातून प्रमाणपत्राशी स्वतः जुळवून बघा. लॅबचा हिरा मोडायला गेलात तर पैसे फारच कमी येतात. परत घेण्याचा दर पावतीवर आधीच लिहून घ्या.