विमानेतिहास, अमेरिकेतील

विमानोड्डाणाचा विसाव्या शतकातील अमेरिकेच्या समाजाशी, अर्थकारणाशी व राज्यव्यवस्थेशी आलेला संबंध अभ्यासणारी इतिहासाची उपशाखा. तिचा आरंभ नेमका सांगणे अवघड आहे. सुरुवातीचे लेखन मुख्यतः वैमानिक, अभियंते व पत्रकारांचे. तंत्रज्ञानाच्या इतिहासाला वाहिलेली संस्था अमेरिकेत १९५८ मध्ये स्थापन झाली. त्यानंतरच्या दोनेक दशकांत विषय विद्यापीठांत रुजला, असे मानणे सयुक्तिक वाटते.

पहिल्या उड्डाणाच्या वादाने या अभ्यासाला पुराव्याची शिस्त लावली. वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन या संग्रहालये चालविणाऱ्या संस्थेचे सचिव सॅम्युएल लँग्ली यांचे ‘एरोड्रोम’ हे विमान ७ ऑक्टोबर व ८ डिसेंबर १९०३ रोजी पोटोमॅक नदीत कोसळले. १७ डिसेंबरला राइट बंधूंनी उत्तर कॅरोलायनात चार उड्डाणे केली. शेवटचे ५९ सेकंदांचे होते. १९१४ मध्ये विमाननिर्माते ग्लेन कर्टिस यांनी एरोड्रोम न्यूयॉर्क राज्यातील क्यूका सरोवरावरून थोडे उडविले. पेटंटच्या खटल्यात कर्टिस त्याच वर्षी राइट यांच्याविरुद्ध हरले होते, म्हणजे राइट यांच्याआधीचे विमान उडू शकत होते असे दिसणे त्यांच्या सोयीचे होते, हे ध्यानात घ्यायला हवे. या चाचणीसाठी पंखांचा बाक व ताणतारांची मांडणी बदलली होती, खाली तरंडे जोडले होते. तरीही लँग्ली यांचे यंत्र मुळातच उड्डाणक्षम होते, असे संस्थेने जाहीर केले. पुरावे सांभाळणारी संस्थाच येथे पक्षकार झाली. म्हणून ऑर्व्हिल राइट यांनी १९२८ मध्ये मूळ ‘फ्लायर’, म्हणजे १९०३ चे आपले विमान, लंडनच्या सायन्स म्यूझियमकडे धाडले. १९४२ मध्ये संस्थेने बदलांची यादी छापून आपला दावा सोडला. विमान १९४८ मध्ये परतले. फ्लायरपूर्वीचे एखादे विमान माणसासह स्वशक्तीवर नियंत्रित उड्डाण करण्यास समर्थ होते असे संस्थेने म्हटल्यास विमानावरील तिचा हक्क संपेल, असे कलम तेव्हाच्या करारात आहे. गुस्ताव्ह व्हाइटहेड यांनी १९०१ मध्येच कनेक्टिकट राज्यात उड्डाण केले असे मानणारे त्यांचे समर्थक त्यावर बोट ठेवतात. कलम अनुचितच आहे. परंतु राइट यांच्या रोजनिशा, पत्रे व छायाचित्र त्यावर विसंबून नाहीत, आणि बहुतेक अभ्यासकांचा कल राइट यांच्याकडेच आहे.

१९८० नंतर भर यंत्राकडून समाजाकडे वळला : विमानाविषयीची जवळजवळ धार्मिक श्रद्धा, १९२५ च्या कायद्याने खासगी कंपन्यांकडे गेलेली हवाई टपाल वाहतूक, वर्णभेद. अमेरिकेत कोणतीही उड्डाणशाळा प्रवेश देईना म्हणून बेसी कोलमन या कृष्णवर्णीय स्त्रीने १९२१ मध्ये फ्रान्समध्ये वैमानिकाचा परवाना मिळविला. हिरोशिमावर अणुबाँब टाकणाऱ्या ‘इनोला गे’ विमानाच्या, स्मिथसोनियनच्या हवाई व अवकाश संग्रहालयातील नियोजित प्रदर्शनावर माजी सैनिकांच्या संघटनांनी व अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) सदस्यांनी टीका केली. जानेवारी १९९५ मध्ये ते रद्द झाले आणि मे महिन्यात संग्रहालयाचे संचालक मार्टिन हार्विट यांनी राजीनामा दिला.