सत्यकथा कुणाची? एका शब्दाची पार्श्वभूमी

खऱ्या गोष्टी वाचून बायकांचं शोषण दिसू लागलं, असं सांगणाऱ्या अनेक जणी भेटतात. मराठीत मात्र ‘खरी गोष्ट’ या शब्दापाशीच गुंता आहे.

गिरगावातून १९३३ ते १९८२ ‘सत्यकथा’ नावाचं मासिक निघत होतं. आत कथा, कविता, समीक्षा असे. नव्या धाटणीची ‘नवकथा’ तिथे रुजली. म्हणजे नाव सत्यकथा आणि मजकूर ललित. दुसरीकडे रेल्वे स्टॉलवर दोरीला लटकणाऱ्या अंकांतली सत्यकथा म्हणजे खून, अनैतिक संबंध आणि शेवटी बेड्या. त्यातली बाई एक तर प्रेत असायची, नाही तर खुनाचं कारण. घटना खरी, गाव खरं, तारीख खरी. तरीही ते वाचून कुणाचे डोळे उघडले असतील असं मला वाटत नाही, कारण गोष्ट सुरूच व्हायची ती बाई मेल्यावर. त्याआधीची मारहाण, उपाशी ठेवणं, माहेरून पैसे आणायचा तगादा, हे सगळं ‘पतिपत्नीत खटके उडत’ एवढ्या एका ओळीत उरकलेलं असे. गोष्ट कुठून सुरू करायची हे कोण ठरवतं, यावरच तिच्यात शोषण दिसतं की नाही हे अवलंबून असतं.

बाईनं स्वतः सांगितलेल्या गोष्टीसाठी वेगळा शब्द लागला. ‘आत्मचरित्र’ होतं, पण तो कर्तृत्व गाजवून झालेल्यांचा शब्द. १९१० आणि १९३४ सालच्या दोन गाजलेल्या स्त्रीलिखित पुस्तकांचं निमित्तही नवऱ्याची आठवण हेच होतं. सत्तरच्या दशकात दलित लेखक स्वतःचं आयुष्य लिहू लागले तेव्हा ‘आत्मकथन’ रुळलं. काहींनी ‘स्वकथन’ म्हटलं. एका माणसाच्या आडून सगळी वस्ती बोलते, ती ‘चरित्रा’त मावत नाही, असं त्यामागचं म्हणणं. मग हे साहित्य की दस्तऐवज, यावर समीक्षकांत वाद झडला. माझ्या मते त्या वादानं बायकांच्या लेखनाचं नुकसान केलं. दस्तऐवज म्हटल्यावर तो जातीच्या कप्प्यात गेला आणि त्यात घराच्या आतलं जे होतं ते वाचायचं राहून गेलं.

वाचणाऱ्यांची नजर तयार व्हायला एक निकालही कारणीभूत झाला. १९७२ मध्ये आजच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयानं पोलिसांना दोषी धरलं. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांना सोडलं: अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे जबरदस्ती नाही. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी न्यायमूर्तींना खुलं पत्र लिहिलं. १९८० च्या जानेवारीत मुंबईत बायकांचा बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि ८ मार्चला मोर्चे निघाले. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात ‘माझी संमती नव्हती’ हे बाईचं म्हणणं आधी खरं मानायचं असं ठरलं. पीडितेचं नाव छापायलाही तेव्हापासूनच बंदी आली.

हे मंथन चालू असतानाच, १९८२ मध्ये, फलटणच्या एका बाईचं आत्मकथन बायकांच्या मासिकात क्रमशः आलं. पुस्तक झालं १९८६ मध्ये. ती छोटं दुकान चालवायची. पुड्या बांधायला आणलेली रद्दीची वर्तमानपत्रं आधी वाचून काढायची. त्यातूनच लिहू लागली, आणि ते लिखाण तिनं वर्षानुवर्षं नवऱ्यापासून लपवून ठेवलं. महारवाड्याचं जिणं सांगताना तिनं सासरचा जाचही झाकला नाही: पळून जाणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवत, तो ओढत ती घरकाम करी. वरच्या जातींनी नाडलेल्या घरातही बाई आणखी एका माणसाच्या टाचेखाली असते, हे इतकं उघड लिहायला मोठी छाती लागते.

त्यानंतरचं थोडक्यात. २००३ मध्ये कोकणातून मुंबईत आलेल्या एका लेखिकेच्या आत्मकथनात नोकरी करणाऱ्या, शिकणाऱ्या, लिहिणाऱ्या बायकोबद्दल नवऱ्याच्या मनात साठत जाणारा राग दिसतो. २०१८ मध्ये ‘मी टू’च्या लाटेत कामाच्या जागी झालेल्या लैंगिक त्रासाच्या हकिकती मोबाइलवर आल्या. अनेक निनावी होत्या, आणि नाव नाही म्हणून खोट्या ठरवल्या गेल्या. जिथे नाव लपवायला कायदा सांगतो तिथेही पुरावा म्हणून आधी नावच मागतात.

फलटणच्या त्या पुस्तकाची एक प्रत मी दादरच्या एका वाचनालयात हाताळली आहे. खाकी कव्हर, कोपरे मऊ पडलेले. खोड्याच्या पानावर दोन निरनिराळ्या पेन्सिलींच्या खुणा होत्या. एकीनं समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘आईला आजीबद्दल विचारायचं.’