ब्लॅकबेरीवरील बुरशीजन्य रोग

रुबस प्रजातीतील लागवडीच्या ब्लॅकबेरीची छडी (मुळातून फुटणारी लांब फांदी), पाने, फुले व फळे यांवर बुरशीमुळे होणारे रोग. या झुडपाचे मूळ बहुवर्षायू असले, तरी छडी साधारणपणे दोनच वर्षे जगते. पहिल्या वर्षी ती वाढते, दुसऱ्या वर्षी फळते आणि वाळते. मळ्यात जुन्या व नव्या छड्या एकत्र उभ्या असल्याने रोगाला दरवर्षी नवा आसरा मिळतो.

अमेरिकेच्या आग्नेय भागातील ‘दुहेरी फुलोरा’ हा रोग (सर्कोस्पोरेला रुबी) याचे ठळक उदाहरण आहे. जुन्या छडीवरील रोगट फुलांतले बीजाणू उन्हाळ्यात नव्या छडीच्या डोळ्यांत (न फुटलेल्या अंकुरांत) शिरतात, पण लक्षणे दिसतात ती पुढच्या वसंतात. डोळ्यातून झाडूसारखा फुटव्यांचा झुबका निघतो, कळ्या लांबट व लालसर होतात आणि त्यांना फळ धरत नाही. तोडणी संपताच जुन्या छड्या कापून जाळणे हा त्यावरचा मुख्य उपाय.

नारिंगी तांबेऱ्यापुढे मात्र छाटणीचे काही चालत नाही. त्याची बुरशी मुळांपर्यंत भिनते. वसंतात फुटवे किडकिडीत येतात व पानांची खालची बाजू भडक नारिंगी भुकटीने भरते. रोगट झाड बरे होत नाही. ते मुळासकट उपटावे लागते. ‘नॅव्हाहो’ हा बिनकाटेरी वाण दुहेरी फुलोऱ्याला दाद देत नाही, पण या तांबेऱ्याला सहज बळी पडतो. वाण निवडताना असा सौदा करावाच लागतो.

करपा (एल्सिनोई व्हेनेटा) छडीवर जांभळ्या कडांचे राखाडी व्रण पाडतो. ओल्या हवेत करड्या बुरशीने (बॉट्रायटिस सिनेरिया) फळे सडतात. फळे सुकवणारा केवडा (हाही एक रोग) द्राक्षावरील केवड्याच्याच कुळातला. काटेकोरपणे पाहता तो बुरशी नव्हेच, पण शेतकऱ्याला त्या भेदाचे फारसे सोयरसुतक नसते.

जांभळ्या तांबेऱ्याची (फ्रॅग्मिडियम व्हायोलेसियम) गोष्ट वेगळी. ही युरोपीय बुरशी रानटी ब्लॅकबेरीच्या तणाचा बंदोबस्त करण्यासाठी 1973 मध्ये चिलीत मुद्दाम सोडली गेली. ऑस्ट्रेलियात ती 1984 मध्ये परवानगीविना आढळली आणि 1991 मध्ये तिचा निवडक वाण अधिकृतपणे सोडला गेला. 2005 मध्ये ती अमेरिकेतील ओरेगनमध्ये सापडली. तिथे तणाबरोबर ‘एव्हरग्रीन’ या लागवडीच्या वाणालाही तिने ग्रासले.