ओल्ड सॅरम (माजी संसदीय मतदारसंघ)

ओल्ड सॅरम : इंग्लंडच्या विल्टशर काउंटीतील तटबंदीची एक टेकडी आणि तिच्याच नावाने १८३२ पर्यंत चालत आलेला संसदीय मतदारसंघ. टेकडी सॉल्सबरी शहराच्या उत्तरेस सुमारे तीन किलोमीटरवर आहे. हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, येथून दोन सदस्य जात. अखेरच्या काळात मतदारांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती आणि ते मतदारही तिथे राहत नव्हते. त्याच वेळी मँचेस्टर, बर्मिंगहॅम आणि लीड्स या गिरण्या-कारखान्यांनी फुगलेल्या शहरांना स्वतःचा एकही सदस्य नव्हता. ओसाड पडूनही प्रतिनिधित्व टिकवून धरणाऱ्या अशा जागांना इंग्रजीत ‘रॉटन बरो’, म्हणजे सडका मतदारसंघ, असे नाव पडले. ओल्ड सॅरम हे त्यांतले सर्वांत गाजलेले उदाहरण. या टेकडीचा हिंदुस्थानशी असलेला संबंध मात्र फारसा सांगितला जात नाही.

टेकडी आणि नगर

टेकडीवरची पहिली तटबंदी लोहयुगातली, इसवी सनापूर्वी सुमारे ४०० ची. रोमन काळात या ठिकाणाला सॉर्व्हिओड्यूनम म्हणत. नॉर्मन राजा पहिला विल्यम याने येथे किल्ला बांधला आणि १०८६ मध्ये देशभरातल्या प्रमुख जमीनदारांना येथेच बोलावून स्वतःशी इमान राखण्याची शपथ घ्यायला लावली. १०७५ मध्ये बिशपचे पीठ शेरबोर्नहून येथे हलवले गेले. तटाच्या आत कॅथीड्रल उभे राहिले आणि १०९२ मध्ये त्याचे अभिमंत्रण झाले. त्यानंतर पाचच दिवसांत वादळाने त्याची मोठी हानी केली.

किल्ला राजाचा, कॅथीड्रल बिशपचे आणि दोन्ही एकाच तटाच्या आत. शिबंदी आणि पाद्री यांचे पटत नसे. वर पाणी अपुरे, वारा सोसाट्याचा. शेवटी पोपची परवानगी काढून बिशपने खाली नदीकाठच्या कुरणात नवे कॅथीड्रल बांधायला घेतले. १२२० मध्ये पाया घातला गेला आणि १२५८ मध्ये अभिमंत्रण झाले. त्याच्याभोवती न्यू सॅरम, म्हणजेच आजचे सॉल्सबरी, आखून वसवले गेले. माणसे आणि बाजार तिकडे उतरले. १३३१ मध्ये जुन्या कॅथीड्रलचे दगड खालच्या आवारभिंतीसाठी नेण्याची मुभा मिळाली. किल्ला आणखी काही काळ वापरात होता, पण आठव्या हेन्रीच्या काळात त्याचेही दगड उचलून न्यायला परवानगी देण्यात आली.

प्रतिनिधित्व

पहिल्या एडवर्डच्या १२९५ च्या संसदेत ओल्ड सॅरमचे दोन प्रतिनिधी होते. तेव्हाच नगर ओसरणीला लागले होते. त्यानंतर काही काळ प्रतिनिधी अधूनमधून जात राहिले आणि तिसऱ्या एडवर्डच्या कारकिर्दीपासून नियमित जाऊ लागले. म्हणजे एखाद्या भरल्या गावाचा हक्क पुढे गाव उजाडल्यामुळे हास्यास्पद झाला, ही समजूत अर्धीच खरी आहे. नियमित प्रतिनिधित्व सुरू झाले तेव्हा गाव बहुतांशी गेलेलेच होते. त्या काळी खेडेगावांतून किंवा लहान नगरांतून प्रतिनिधी पाठवणे हा मान कमी आणि खर्च जास्त होता, त्यामुळे कोणाला कशाला बोलावले जाते याची फारशी चिकित्सा होत नसे. एकदा यादीत नाव लागले की ते काढायचे कोणी, हा प्रश्न कित्येक पिढ्या कोणी विचारलाच नाही.

मताधिकार ‘बर्गेज’ पद्धतीचा होता. पूर्वी ज्या तुकड्यांवर नगरवासीयांची घरे उभी होती, त्या जमिनींच्या धारकांना मत मिळे. त्यावर घर आहे की नांगर फिरतो आहे, याच्याशी कायद्याला कर्तव्य नव्हते. वतनदारी ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हा प्रकार पटकन उमगेल. पाटीलकी विकत घेता येई, वारशाने मिळे, तसेच हे मत. फरक इतकाच की ते माणसाला नव्हे, मातीला चिकटलेले होते. सगळे तुकडे एकाच मालकाकडे आले की मतदारसंघही त्याच्याच खिशात. निवडणूक जवळ आली की मालक हे तुकडे विश्वासातल्या माणसांच्या नावे तात्पुरते लिहून देई आणि काम झाले की कागद परत घेई. निवडणूक अधिकारी असलेला बेलिफही मालकाच्याच मर्जीतला असे.

मतदान टेकडीवर होत नसे. पायथ्याशी, स्ट्रॅटफर्ड-सब-कॅसल या खेड्याच्या बाजूच्या शेतात एल्मचे एक झाड होते. त्याला ‘पार्लमेंट ट्री’ म्हणत. निवडणुकीपुरता झाडाखाली मांडव पडे, राजाज्ञा वाचली जाई, नावे पुकारली जात आणि मंडळी घरी जात. बहुतेक निवडणुका बिनविरोध पार पडत.

पिट घराणे आणि मद्रास

सतराव्या शतकात हा मतदारसंघ अर्ल ऑफ सॉल्सबरीच्या सेसिल घराण्याच्या प्रभावाखाली होता. त्या शतकाच्या अखेरच्या दशकाच्या सुमारास तो टॉमस पिटने विकत घेतला. हा ईस्ट इंडिया कंपनीची मक्तेदारी मोडून हिंदुस्थानशी चोरटा व्यापार करणारा माणूस. कंपनीने त्याला बरीच वर्षे विरोध केला आणि शेवटी आपल्यातच ओढून १६९८ मध्ये मद्रासचा गव्हर्नर केले. १७०९ पर्यंत तो सेंट जॉर्ज किल्ल्यात होता. तेथे त्याने गोवळकोंडा मुलखातल्या कोल्लूर खाणीतला ४१० कॅरटचा कच्चा हिरा जामचंद नावाच्या व्यापाऱ्याकडून सुमारे २० हजार पौंडांना घेतला. औरंगजेब तेव्हा पन्हाळा आणि विशाळगडाच्या वेढ्यांत गुंतला होता. लंडनमध्ये पैलू पाडल्यावर हिरा १४० कॅरटचा राहिला आणि १७१७ मध्ये फ्रान्सचा रीजंट, म्हणजे अल्पवयीन राजाचा कारभारी, ड्यूक ऑफ ऑर्लेअन्स याने तो घेतला. आज तो ‘रीजंट’ या नावाने पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे.

‘डायमंड पिट’ने हिऱ्याच्या पैशातून मतदारसंघ घेतला, असे पुष्कळदा लिहिलेले आढळते. तारखा जुळत नाहीत. ओल्ड सॅरम आधीच्या व्यापाराच्या कमाईतून आले. हिऱ्याने पुढे कॉर्नवॉलमधली बोकॉनोक ही मोठी मालमत्ता मिळवून दिली. पिट स्वतः ओल्ड सॅरमहून अनेकदा निवडून आला आणि त्याच्यामागे मुलगा, नातवंडे, जावई अशी रीघ लागली.

त्यातला सर्वांत नावाजलेला नातू म्हणजे थोरला विल्यम पिट, पुढे अर्ल ऑफ चॅटम आणि सप्तवार्षिक युद्धातला ब्रिटनचा सूत्रधार. १७३४ च्या निवडणुकीत त्याचा थोरला भाऊ टॉमस दोन ठिकाणांहून निवडून आला. त्याने ओकहॅम्प्टनची जागा ठेवली आणि रिकामी झालेली ओल्ड सॅरमची जागा फेब्रुवारी १७३५ मध्ये धाकट्याला दिली. विल्यम १७४७ पर्यंत येथूनच संसदेत होता. भावाभावांचे राजकारण वेगळे झाले तेव्हा त्याला दुसरी जागा शोधावी लागली. १७६६ मध्ये याच माणसाने कॉमन्समध्ये सांगितले की बरोंचे प्रतिनिधित्व हा आपल्या राज्यघटनेचा सडलेला भाग आहे, तो शंभर वर्षे टिकणार नाही, आपोआप गळून पडला नाही तर कापून काढावा लागेल. ‘सडका’ हे विशेषण त्याच्या तोंडून आले, यातला विनोद तेव्हाच्या श्रोत्यांच्याही लक्षात आला असेल.

त्याचा पुतण्या टॉमस पिट, पुढे पहिला लॉर्ड कॅमेलफर्ड, हा टेकडीचा पुढचा मालक. चॅटमचा मुलगा धाकटा विल्यम पिट याने १७८३ मध्ये संसदीय सुधारणेचा प्रस्ताव आणला, तेव्हा याने स्वतःचा मतदारसंघ सोडून देण्याची तयारी दाखवली. प्रस्ताव फेटाळला गेला, टेकडी राहिली.

हिंदुस्थानातून येणारे, हिंदुस्थानात जाणारे

अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात येथल्या जागा विशेष रंजक दिसतात. १७९० ते १७९६ या काळातला सदस्य जॉन सलिव्हन मद्रास इलाख्यात कंपनीची नोकरी करून आलेला होता. त्यानंतर मॉर्निंग्टनचा अर्ल रिचर्ड वेलस्ली आला. तो उमराव होता, पण आयरिश; त्यामुळे त्याला कॉमन्समध्ये बसता येत होते. १७९६ ते १७९७ एवढीच त्याची कारकीर्द. १७९८ मध्ये तो गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्यात उतरला. टिपू सुलतानाचा पाडाव, ३१ डिसेंबर १८०२ चा वसईचा तह, शिंदे आणि भोसले यांच्याशी १८०३ मध्ये झालेले युद्ध ही सारी त्याच्या राजवटीतली. दुसऱ्या बाजीरावाला ज्याच्या तहावर सही करावी लागली, तो पुरुष विलायतेत निवडून आला होता एका रिकाम्या टेकडीच्या नावावर.

त्याच्या मागोमाग १७९७ ते १७९९ या काळात चार्ल्स विल्यम्स विन सदस्य होता. हा १८२२ पासून १८२८ पर्यंत बोर्ड ऑफ कंट्रोलचा, म्हणजे कंपनीच्या हिंदुस्थानातील कारभारावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचा अध्यक्ष झाला. एल्फिन्स्टन मुंबईच्या गव्हर्नरपदी बसून पेशव्यांच्या मुलखाची व्यवस्था लावत होता, त्या वर्षांतली मोठी मुदत लंडनमधले हे पद विनकडे होते.

दुसरा लॉर्ड कॅमेलफर्ड मात्र निराळ्याच स्वभावाचा. तापट आणि भांडकुदळ असलेला हा माणूस १८०४ मध्ये द्वंद्वयुद्धात मारला गेला. त्याआधी, १८०१ मध्ये, त्याने जॉन हॉर्न टूकला निवडून आणले. टूक पाद्रीपदाची दीक्षा घेतलेला आणि १७९४ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यातून निर्दोष सुटलेला बंडखोर सुधारणावादी होता. सरकारने त्याला थेट बाहेर काढले नाही, पण त्याच वर्षी कायदा करून पाद्र्यांना कॉमन्सची दारे बंद केली. टूकला चालू संसदेची मुदत पुरी करू दिली. हा निर्बंध पुढे दोनशे वर्षे राहिला आणि २००१ मध्ये उठला. टूकला बसू दिले नाही तर आपण आपल्या काळ्या नोकराला निवडून पाठवू, अशी धमकी कॅमेलफर्डने दिली होती, अशी एक आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, ते त्याला अशक्य नव्हते.

१८०२ च्या सुमारास मतदारसंघ आयर्लंडमधल्या अर्ल ऑफ कॅलेडनकडे गेला. या घराण्यातला पहिला अर्ल जेम्स अलेक्झांडर कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात श्रीमंत होऊन परतलेला ‘नबाब’. १८०२ ते १८१२ येथला सदस्य असलेला निकोलस व्हॅन्सिटार्ट पुढे दीर्घकाळ अर्थमंत्री राहिला. शेवटची वर्षे जेम्स अलेक्झांडर आणि जोसायस ड्यू प्रे अलेक्झांडर या घराण्यातल्याच मंडळींनी जागा सांभाळल्या. जोसायस कंपनीच्या संचालक मंडळावरही होता.

हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. सुधारणेचे विरोधक हाच मुद्दा पुढे करत : विकत मिळणाऱ्या जागा नसतील तर पूर्वेकडचा व्यापार, वेस्ट इंडीजचे मळे, बँकांचे हितसंबंध यांना संसदेत वाट कुठून मिळणार? वाट होती, यात शंका नाही. मात्र ती थैली घेऊन आलेल्यांसाठी होती. ज्या मुलखातून थैली आली, त्या मुलखातल्या माणसांसाठी नव्हती.

अंत

राजकीय लेखक टॉमस पेनने १७९१ मध्ये ओल्ड सॅरमची तीन घरेही नसलेली स्थिती आणि साठ हजारांवर वस्तीचे मँचेस्टर यांची तुलना केली, तेव्हापासून हे नाव सुधारणावाद्यांच्या भाषणांत कायमचे बसले. पण चीड असणे आणि उपाय असणे यांत फरक होता. कॉर्नवॉलमधल्या ग्रॅम्पाउंडला १८२१ मध्ये लाचखोरी सिद्ध करून बाद करता आले. ओल्ड सॅरमवर तो आरोप लागूच पडत नव्हता, कारण लाच द्यायला मतदारच नव्हते. व्यवहार होई तो जमिनीचा, आणि जमीन विकणे हा गुन्हा नव्हे. तो हटवायचा तर सगळी पद्धतच हलवावी लागणार होती.

नोव्हेंबर १८३० मध्ये पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन, म्हणजे असईच्या लढाईचा विजेता आणि रिचर्ड वेलस्लीचा धाकटा भाऊ, याने सध्याच्या व्यवस्थेत सुधारणेची गरजच नाही असे जाहीर केले. दोन आठवड्यांत त्याचे सरकार पडले. १ मार्च १८३१ रोजी लॉर्ड जॉन रसेलने कॉमन्समध्ये विधेयक मांडले. आपल्या भाषणात त्याने एका परदेशी पाहुण्याची कल्पना केली : त्याला हिरव्या टेकाडाशी नेऊन सांगायचे की हे टेकाड दोन प्रतिनिधी पाठवते, मग एका दगडी भिंतीपाशी, मग घर नसलेल्या बागेत नेऊन तेच सांगायचे. दुसरे वाचन ३०२ विरुद्ध ३०१ अशा एका मताने पार पडले. त्यानंतर निवडणूक झाली, ऑक्टोबरमध्ये लॉर्ड्सनी, म्हणजे वरिष्ठ सभागृहाने, नकार दिला, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टलमध्ये दंगली पेटल्या. ७ जून १८३२ रोजी अखेर विधेयकाला राजसंमती मिळाली. कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात पूर्णतः रद्द झालेल्या ५६ मतदारसंघांची यादी आहे. तिच्यात पहिलेच नाव ओल्ड सॅरमचे आहे.

त्यानंतरची दोन वर्षे उलटली आणि १८३४ मध्ये चित्रकार जॉन कॉन्स्टेबलने पावसाळी आभाळाखालची ही ओसाड टेकडी जलरंगात उतरवली. १९०९ ते १९१५ या काळात झालेल्या उत्खननात किल्ल्याचा आणि जुन्या कॅथीड्रलचा आराखडा जमिनीतून वर आला. कॅथीड्रलची रूपरेषा गवतात आजही ओळखता येते आणि टेकडी इंग्लिश हेरिटेज या संस्थेच्या देखरेखीखाली लोकांना पाहायला खुली आहे. पार्लमेंट ट्री विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वठून गेले. ते जिथे होते त्या शेतात एक स्मृतिशिला आहे.