कॅमेरा खाली ठेवला म्हणजे लो अँगल झाला का?

शूटिंग नुकतंच शिकू लागलेल्याला 'लो अँगल घे' म्हटलं की तो कॅमेरा जमिनीला टेकवतो. लेन्स मात्र सरळ समोर बघत राहते आणि फ्रेममध्ये नुसते पाय येतात. कॅमेऱ्याची उंची आणि कॅमेऱ्याचा अँगल यांची इथे गल्लत झालेली असते. लेन्स जमिनीपासून किती वर आहे, ती उंची. तिथून ती वर बघते, खाली बघते की सरळ, तो अँगल: वर बघत असेल तर लो, खाली बघत असेल तर हाय.

रांगत्या बाळाचं उदाहरण घ्या. उभ्यानेच शूट केलंत तर तो हाय अँगल. पोटावर झोपून लेन्स त्याच्या डोळ्यांसमोर आणलीत, तर कॅमेरा जमिनीपासून जेमतेम फूटभर, पण शॉट आय लेव्हल. माझ्या मते मुलांच्या शूटिंगमध्ये याहून मोठा फरक दुसऱ्या कशानेच पडत नाही. उलट, गच्चीवरच्या माणसाला रस्त्यावर उभं राहून टिपलंत, तर कॅमेरा पाच फुटांवर असूनही लो अँगलच.

तयार फोटोतूनही दोन्ही गोष्टी ओळखता येतात. ही युक्ती मला फार आवडते. सपाट मोकळ्या जागेत क्षितिज उभ्या माणसाला बरोबर लेन्सच्या उंचीवर छेदतं. कॅमेरा तीन फुटांवर असेल, तर क्षितिज कमरेच्या आसपास दिसतं, मग माणूस जवळ असो वा लांब. आता कॅमेरा जागच्या जागी वर टिल्ट करा, म्हणजे लेन्सचं तोंड वर कलवा. क्षितिज कमरेपाशीच राहतं, फक्त कमरेसकट फ्रेममध्ये खाली सरकतं. म्हणजे क्षितिज अंगावर कुठे आहे त्यावरून उंची कळते आणि फ्रेममध्ये कुठे आहे त्यावरून टिल्ट. घरात क्षितिज नसतं. तिथे दाराच्या उभ्या कडा बघा: वर टिल्ट केला की त्या वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात.

जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझू यांचा कॅमेरा बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्याही खाली असायचा, पण जवळजवळ समतल. त्यामुळे पात्रं अवाढव्य वाटत नाहीत, आपणही त्यांच्यासोबत जमिनीवर बसल्यासारखे वाटतो. ऑर्सन वेल्सच्या 1941च्या 'सिटिझन केन' या चित्रपटात कॅमेरा खाली आहे आणि वर बघतोही आहे. त्यासाठी सेटवर कापडाची छतं लावावी लागली, एका प्रसंगासाठी तर जमीन खोदावी लागली. तो प्रसंग नायकाच्या निवडणुकीतल्या पराभवानंतरचा आहे. म्हणून 'लो अँगल म्हणजे ताकद' हे सूत्र पाठ करू नका.

अंतराचाही हिशेब ठेवा. लेन्स एक फुटावर आणि चेहरा पाच फुटांवर असेल, तर चार फुटांवरून 45 अंश वर बघावं लागतं, वीस फुटांवरून जेमतेम 11. कॅमेरा जमिनीवर ठेवूनही शॉट मिळमिळीत वाटत असेल, तर आणखी खाली जाऊ नका, पुढे सरका.